आवडत्या पॉपस्टारचं नवं गाणं एकदम वेगळंच निघालं, आता ते ऐकायचं कसं?

तीन आठवडे वाट बघायची, मध्यरात्री गाणं आलं की हेडफोन लावून प्ले दाबायचं, आणि विसाव्या सेकंदाला मनात येतं की हे काय चाललंय, ही ती नाहीच. गिटार कुठे गेली, तो भरून आलेला आवाज कुठे गेला, हा धाडधाड ठेका कुठून आला. मग चाळीस सेकंदात बंद, आणि लगेच मैत्रिणीला मेसेज की संपलं सगळं, आता हीपण बाकीच्यांसारखीच झाली. माझं असं कितीतरी वेळा झालंय, आणि त्यातली निम्मी गाणी दोन महिन्यांनी मी रोज ऐकत होते. म्हणून आता माझी एक पद्धत बसलीये ती सांगते, कारण मला मनापासून वाटतं की ज्या कलाकाराने आपल्याला इतकी वर्षं सोबत केली त्याच्या नव्या गाण्याला चाळीस सेकंदांपेक्षा जास्त मिळायला हवं.

मुद्दा एकच आहे. आवडलं की नाही हे ठरवायच्या आधी नेमकं काय बदललंय ते शोधायचं. "गाणं बदललं" हे फार मोघम झालं, ठेका बदलला का, चाल बदलली, वाद्यं बदलली, का आवाज लावायची पद्धत बदलली? यातली एकच गोष्ट हलली तरी कानाला सगळं घर बदलल्यासारखं वाटतं, आणि आपण चिडतो भलत्याच गोष्टीवर.

आधी थोडी तयारी. व्हिडिओ बघू नका, पहिल्यांदा फक्त ऐका. व्हिडिओत कपडे, केस, नाच, सगळं एकदम अंगावर येतं आणि गाण्याबद्दलचं मत तिथेच तयार होतं. गाणं यायच्या आधी फिरणारी पंधरा सेकंदांची क्लिपपण टाळता आली तर टाळा, ती बहुतेक वेळा सगळ्यात चकचकीत तुकडाच असते. मुलाखती आणि कमेंट्स नंतर. आणि एक छोटी गोष्ट जी फार कमी लोक करतात, ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाची पातळी सारखी ठेवणारा नॉर्मलायझेशनचा पर्याय चालू आहे ना ते बघून घ्या. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजायचं एकक) या एकाच पातळीला आणतं. हे बघायचं कारण असं की तेच गाणं जरा मोठ्या आवाजात लागलं तर कानाला ते जास्त चांगलं वाटतं, मग जुनं गाणं हळू आणि नवं मोठ्याने लागलं (किंवा उलट) तर तुलनाच खोटी होते.

पहिल्यांदा ऐकताना काहीच करायचं नाही, फक्त शेवटपर्यंत जायचं. हे बोलायला सोपं आहे. स्ट्रीमिंगवर ३० सेकंद गाणं वाजलं की ते एकदा ऐकलं असं मोजलं जातं, त्यामुळे हल्ली बरीच गाणी सगळा माल सुरुवातीलाच मांडून मोकळी होतात आणि आपल्या कानाला तशीच सवय लागलीये. दिशा बदलणारं गाणं पुष्कळदा उलट वागतं, हळूहळू उलगडतं. हॅरी स्टाइल्सने वन डिरेक्शन या बँडनंतर २०१७ मध्ये पहिलं एकट्याचं गाणं काढलं, 'साइन ऑफ द टाइम्स', ते साडेपाच मिनिटांपेक्षा मोठं, सत्तरच्या दशकातल्या रॉकच्या वळणाचं संथ गाणं आहे. चाळीस सेकंदांवर सोडलं तर तुम्ही पियानो आणि पहिलं कडवं एवढंच ऐकलंत, ते गाणं पुढे जिथे चढत जातं तिथे पोचलातच नाहीत.

दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ठेका. टेबलवर बोटाने ताल धरा, १५ सेकंदात किती ठोके पडले ते मोजा आणि त्याला ४ ने गुणा, झाला तुमचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके. मग याच कलाकाराच्या मागच्या दोनतीन गाण्यांचं तसंच करा. साधारण १२० ते १२८ च्या आसपास असेल आणि प्रत्येक ठोक्याला खालचा ड्रम धप्प धप्प पडत असेल तर गाणं डान्स फ्लोअरकडे गेलंय, याला फोर ऑन द फ्लोअर म्हणतात. वर हाय हॅटची (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) बारीक तडतड आणि खाली लांबत जाणारा जाड बेस असेल तर ट्रॅपकडे, म्हणजे हिपहॉपच्या एका प्रकाराकडे, तो बेस ज्याला ८०८ म्हणतात तो मुळात रोलँडच्या १९८० मधल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमधून आलेला आवाज आहे.

यावर एक गाणं जरा जवळून बघू. द वीकेंड या गायकाचं 'ब्लाइंडिंग लाइट्स', नोव्हेंबर २०१९ चं. २०११ मध्ये त्याची जी तीन मिक्सटेप्स (अल्बमसारखे गाण्यांचे संच) आली होती ती अंधारी, संथ, धुक्यातून चालल्यासारखी, आणि हे गाणं मात्र ऐंशीच्या दशकातल्या सिंथसारखं (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसारखं) झगमगतं. ताल मोजलात तर १५ सेकंदात ४३ च्या आसपास ठोके येतील, म्हणजे १७१ बीपीएम, हे पॉपमध्ये भलतंच वेगवान आहे. पण आता एक करा, ड्रम सोडून द्या आणि फक्त गळ्याकडे लक्ष द्या. तो घाईत अजिबात नाहीये. सूर लांबवतो, श्वास घेतो, आणि शब्दांत तोच जुना एकटेपणा आणि तीच रात्र. खाली पाय पळतायत आणि वर माणूस तसाच उभा आहे असं काहीतरी. हे एकदा कानाला सापडलं की "तो बदलला" हे वाक्य तोंडातून निघत नाही, ठेका बदलला, रंग बदलला, माणूस तोच. मला हे कळलं तेव्हा त्याची जुनी मिक्सटेप्सपण वेगळी ऐकू यायला लागली.

तिसरी फेरी आवाजाची. इथे जास्त वेळ द्या, कारण आपलं प्रेम बसलेलं असतं ते गळ्यावर आणि दुखतंही तिथेच. आवाज कानाजवळ कुजबुजल्यासारखा आहे का दुरून हॉलमधून आल्यासारखा? एकच आवाज आहे का त्याच आवाजाचे चारपाच थर एकावर एक लावलेत? पूर्वी जिथे हरकत घेतली असती तिथे आता सरळ सूर ठेवलाय का? आणि आवाजावर मशीनचं काम किती? ऑटोट्यून, म्हणजे गाणाऱ्याचा सूर आपोआप जागेवर आणणारं सॉफ्टवेअर, म्हटलं की लोक लगेच म्हणतात गाता येत नाही म्हणून वापरलंय, पण ते दर वेळी खरं नसतं हे समजायला शेर या अमेरिकन गायिकेचं 'बिलीव्ह' ऐकाच. ऑक्टोबर १९९८ मध्ये आलं तेव्हा ती ५२ वर्षांची होती, तीस वर्षांहून जास्त काळ गात होती, तिचा जाड खर्जातला आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या वर्षभर आधी म्हणजे १९९७ मध्ये अँटारेस कंपनीने ऑटोट्यून बाजारात आणलं होतं, ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून येणाऱ्या लहरींवर काम करायचे. काम काय त्याचं, तर सूर किंचित घसरला की कोणाला कळू नये असा हलकेच जागेवर आणायचा. 'बिलीव्ह'च्या निर्मात्यांनी तो सुधारण्याचा वेग पार टोकाला नेऊन ठेवला.

आता त्याने काय झालं ते पहिल्याच कडव्यात ऐका. माणूस एका सुरावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा मध्ये बारीकशी मींड असते, आपण ठरवून नाही घेतली तरी गळा ती घेतोच. इथे मशीन ती मींडच कापून टाकतं. म्हणजे उताराच्या जागी एकदम पायऱ्या येतात, आवाज सुरावरून सुरावर टुणकन उडी मारतो आणि तो चकाकणारा रोबोटसारखा परिणाम मिळतो. गाण्यात दुखावलेली बाई उभी राहायचा प्रयत्न करतेय आणि तिचा आवाज नेमका तिथेच माणसाचा राहत नाही, मला तर ते ऐकताना अजून काटा येतो. आणि लगेच पुढे कोरसमध्ये तिचा खरा भरदार गळा येतो, म्हणजे गाता येत नव्हतं हा प्रश्नच नाही. निर्मात्यांनी सुरुवातीला हे कसं केलं ते सांगितलंसुद्धा नव्हतं, दुसऱ्याच एका यंत्राचं नाव पुढे केलं होतं. गाणं ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्यामुळे आवाजावर मशीन ऐकू आलं की विचारायचं ते हे, की ही चूक लपवायला आहे का काही दाखवायला? लपवायला असेल तर ते सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, दाखवायला असेल तर ठरावीक जागी येतं आणि जातं.

चौथी गोष्ट माझी सगळ्यात आवडती. गाणं बंद करा आणि नुसतं गुणगुणून बघा, शब्द नकोत, वाद्यं नकोत. मग त्याच कलाकाराचं जुनं एखादं गाणं तसंच गुणगुणा. चालीची वळणं सारखी निघतात का? काही जणांना वरच्या सुरावरून पायरी पायरीने खाली यायची सवय असते, काही जण एकाच सुरावर भराभर शब्द बोलतात आणि ओळीच्या शेवटी एकदम उचलतात, ही सवय माणसाच्या सहीसारखी असते, सहजासहजी जात नाही. सही तीच निघाली तर फक्त कपडे बदललेत असं समजा. चालच वेगळी निघाली तर मग खरोखर मोठा बदल आहे आणि त्याला जास्त वेळ द्यायला लागेल. नुसत्या पियानोवर किंवा गिटारवर गायलेलं व्हर्जन निघालं असेल तर हे काम आणखी सोपं होतं.

शब्दांबद्दल फार नाही सांगत, ते तुम्ही ऐकताच. फक्त एवढंच बघा की "मी" कोण आहे, पूर्वीचाच माणूस बोलतोय का कोणी नवीन पात्र.

मग क्रेडिट्स उघडा. गाण्याच्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर दाबलं की गायलं कोणी, लिहिलं कोणी, प्रोड्यूस कोणी केलं सगळं दिसतं, आणि निम्मी कोडी इथेच सुटतात. टेलर स्विफ्टने २०१२ च्या 'रेड' अल्बममध्ये मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक या स्वीडिश जोडीबरोबर काम केलं आणि कंट्री (अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत) गाणारी मुलगी पॉपकडे निघाल्याचं क्रेडिट्समध्ये आधीच दिसत होतं, पूर्ण पॉप अल्बम '१९८९' आला २०१४ मध्ये. २०२० च्या 'फोकलोर'मध्ये नॅशनल या बँडच्या ॲरन डेसनरचं नाव दिसलं आणि वाद्यं एकदम शांत झाली. पण नावं बघून "हे काय, त्या प्रोड्युसरनेच केलं सगळं" असंही म्हणू नका, कोणाला बोलवायचं हा निर्णयसुद्धा कलाकाराचाच असतो.

बी जीजचं उदाहरण मला इथे द्यायलाच पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हळव्या संथ गाण्यांचे तीन भाऊ अशी त्यांची ओळख, १९७४ चा अल्बम फारसा चालला नाही, आणि मग प्रोड्युसर आरिफ मार्डिनबरोबर मायामीत काम सुरू झालं. स्टुडिओत जाताना रोज गाडी एका पुलावरून जायची आणि पुलाच्या सांध्यांवर चाकं लागून एक ठेका ऐकू यायचा, त्यातून 'जाइव्ह टॉकिन' निघालं. आता पंचाईत अशी होती की रेडिओवाले त्यांचं नाव बघूनच रेकॉर्ड बाजूला ठेवायचे. म्हणून रेकॉर्ड पाठवली कोऱ्या लेबलची, वर नावच नाही. ऐकणाऱ्यांना गाणं आवडलं, मग कळलं कोणाचं आहे ते, आणि ऑगस्ट १९७५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं.

ही युक्ती घरी करता येते आणि जरूर करा. असा एखादा मित्र शोधा जो या कलाकाराचा फॅन नाही, नाव न सांगता त्याला गाणं ऐकवा, आणि फक्त विचारा कसं वाटलं, काय आवडलं. त्याच्याकडे जुन्या अपेक्षांचं ओझं नसतं. त्याला गाणं ठीकठाक वाटलं आणि तुम्हाला सहन होत नसेल तर राग गाण्यावर नाहीये, तुटलेल्या अपेक्षेवर आहे, आणि त्यात वाईट काही नाही, पण ते वेगळं करून कळायला हवं. त्यालाही कंटाळवाणं वाटलं तर मग गाण्यातच काहीतरी कमी असेल.

यानंतर जुन्या अल्बममध्ये परत जा आणि या बदलाचं बी शोधा. एकदम झालेला वाटणारा बदल बऱ्याचदा पूर्वी कुठेतरी डोकावून गेलेला असतो. बियॉन्सेने ११ फेब्रुवारी २०२४ ला 'टेक्सस होल्डेम' काढलं तेव्हा ही कंट्रीत कशाला आली असं म्हणणारे खूप होते. पण २०१६ च्या 'लेमोनेड'मध्ये तिचं एक कंट्री गाणं होतंच, 'डॅडी लेसन्स', आणि त्याच वर्षी कंट्रीवाल्यांच्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात तिने ते गायलंही होतं, शिवाय ती मूळची टेक्ससचीच. नव्या गाण्यात बँजो वाजवलाय रियानन गिडन्सने, आणि बँजो हे वाद्य मुळात गुलाम करून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर आलेल्या वाद्यांतून घडलं. म्हणजे सुरुवातीचे ते बँजोचे खणखणीत सूर हा नुसता नवा साज नाही, त्यात एक हक्क सांगितलेला आहे. बिलबोर्डच्या हॉट कंट्री साँग्ज यादीत पहिल्या नंबरवर पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. हे माहीत नसताना ऐकलं तर एक छान नाचाचं गाणं ऐकू येतं, माहीत झाल्यावर त्याच बँजोला वजन येतं.

आता गर्दीबद्दल. पहिल्या दिवशीचा आरडाओरडा गाण्याबद्दल फार थोडं सांगतो. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्ट फोक (लोकसंगीत) महोत्सवात एरवी साध्या गिटारवर गाणारा बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी आरडाओरडा केला ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तो कशासाठी होता यावर अजून वाद आहे, कोणी म्हणतं इलेक्ट्रिक वाद्यांमुळे, कोणी म्हणतं साउंड खराब होता, कोणी म्हणतं तीनच गाणी वाजवून तो आत गेला म्हणून. 'लाइक अ रोलिंग स्टोन' तर पाचच दिवस आधी आलं होतं, सहा मिनिटांचं, आणि ते पुढे अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. म्हणून कमेंट वाचताना बघा की माणूस गाण्यातलं काहीतरी नेमकं सांगतोय का नुसता दुखावलाय. दुसऱ्या मिनिटाला ब्रिजमध्ये (गाण्यातला मधला वेगळा तुकडा) सूर बदलतो तो जमला नाही, असं कोणी लिहिलं असेल तर ते वाचण्यासारखं, बाकीचं सोडून द्या.

किती वेळा ऐकायचं? मी आठवड्यात पाच वेळा म्हणते, आणि एकाच बैठकीत नाही, एकदा सकाळी चालताना, एकदा रात्री दिवे घालवून, एकदा स्पीकरवर, कारण हेडफोनमध्ये बेस वेगळा लागतो. पाचाच्या पुढे जाऊन जबरदस्तीने आवडून घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायंक यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की अनोळखी शब्द, चिन्हं, चेहरे नुसते पुन्हा पुन्हा समोर आले तरी ते माणसाला जास्त आवडायला लागतात. गाण्याचंही तसंच होतं. पन्नास वेळा ऐकलं तर काहीही गोड लागेल, मग ते गाण्याचं यश का सवयीचं हे कळायची सोय उरत नाही.

या पाच फेऱ्यांमध्ये मी फोनच्या नोट्समध्ये वेळ टाकून लिहिते, म्हणजे "०:४२ आवाज एकटा पडतो", "१:१५ ड्रम येतात पण बेस नाही", "२:३० जुनी हरकत सापडली" असं. दोन ओळी पुरतात. नुसतं छान, वाईट, बोअर लिहायचं नाही, ते नंतर वाचून काही आठवत नाही. शेवटी दोन वेगळी वाक्यं लिहायची, एक, गाणं जे करायला निघालंय ते त्याला जमलंय का, आणि दोन, मला ते हवं होतं का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असं पुष्कळदा येतं आणि ते तसंच सांगायचं, एकाच्या आड दुसरं लपवायचं नाही.

अजून एक, एका सिंगलवरून, म्हणजे अल्बमच्या आधी सुटं काढलेल्या गाण्यावरून, अख्खी दिशा ठरवू नका. पहिलं सिंगल बहुतेक वेळा रेडिओ आणि प्लेलिस्टकडे बघून निवडलेलं असतं. टेलरच्या 'लव्हर' अल्बमचं पहिलं सिंगल २०१९ मध्ये आलं 'मी!', रंगीबेरंगी, उड्या मारणारं, आणि अल्बम आला तेव्हा त्यात कितीतरी शांत, जड गाणी निघाली, आणि त्या सिंगलमधली स्पेलिंगची बोललेली ओळसुद्धा अल्बममध्ये काढून टाकलेली होती. जे फॅन त्या एका गाण्यावरून रुसून बसले त्यांना बाकीचं उशिराच सापडलं असणार.

अल्बम आला की ते सिंगल त्याच्या जागेवर ऐका, आधीचं गाणं संपून ते सुरू होताना. तेव्हा नोट्स उघडायच्या आणि जिथे जिथे "इथे खटकलं" लिहिलंय त्या वेळा परत ऐकायच्या. माझ्या एका जुन्या नोटमध्ये "१:०५ इथे गिटार हवी होती" असं लिहिलेलं आहे, त्याच्या खाली चार महिन्यांनी मी लिहिलंय, "नको, इथली शांतताच बरी आहे". आणि दुसऱ्या एका गाण्याखाली चार महिन्यांनीही लिहिलंय, "अजून हवीच होती."